‘निवा’च्या पुढचं अक्षर

३ तारीख. वहीत छापलाय गुरुवार, आहे शुक्रवार.

ही दैनंदिनी सूनबाईला फुकट मिळाली. कशावर मिळाली ते तिलाही आठवत नाही. मागच्या वर्षाची आहे, म्हणून हिचे वार एक पाऊल मागे चालतात. "आई, टाकूनच देणार होते, तुम्हाला हवी का?" असं तिने विचारलं. हा प्रश्न आमच्या घरात मला बऱ्याच वस्तूंबाबत विचारतात आणि मी बहुतेक वेळा हो म्हणते. तिचा जुना टॅबही मला असाच मिळाला. एका कोपऱ्यात तडा आहे, पण त्या कोपऱ्यात माझं काही काम नसतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षराला अक्षर जोडत जाते आणि शब्द झाला की अजून आनंद होतो. चिरंजीव म्हणतात, "आई, मोठ्याने नको वाचूस." आता मोठ्याने वाचलं नाही तर मला ऐकू कसं येणार?

टॅबवर सूनबाईची सवलतींची साईट उघडीच असते. तिथे जगातली प्रत्येक वस्तू रोज स्वस्त होते आणि आमच्याकडे राहायला येते. एकावर एक फुकट, म्हणून सगळं जोडीने. धूळ ओढायची यंत्रं दोन आहेत आणि धूळ बसायला जागा नाही. एक तंबू आहे. आम्ही कुठे जात नाही, पण उद्या घर अगदीच भरलं तर त्यात झोपता येईल. पळायचं यंत्र माझ्या खोलीत आहे. आल्या दिवशी चिरंजीव त्यावर पळाले, खाली उतरले, पाणी प्यायले. तेव्हापासून त्यावर टॉवेल वाळतात.

माझी हातांची जुनी खुर्ची मात्र गेली. तिच्या जागी दाण्यांनी भरलेली एक मोठी पिशवी आली. तिच्यावर बसतात म्हणे. बसायला एक माणूस लागतो, उठवायला दोन. म्हणून मी हल्ली पलंगाच्या कडेवर बसते आणि पाठ कुरकुरते.

आज चिरंजीव दारात उभे राहिले, खोलीभर बघितलं आणि म्हणाले, "आई, तुझी खोली तशी…" आणि गेले. हा लहानपणापासून असाच. निम्मं वाक्य बोलतो आणि उरलेलं मी करायचं.

४ तारीख.

आज मोठी गंमत झाली. सवलतींच्या साईटने नवीन रूप घेतलंय आणि त्यात वस्तूंची नावं मावेनाशी झालीत. थोडी अक्षरं दाखवतात आणि पुढे तीन टिंबं. सकाळी चष्मा लावून बघते तर काय: "पुरुषांसाठी सुती चोर…"

मी हाक मारली, "अगं सूनबाई, इथे चोर विकायला आलाय, तोही सुती!" ती हसली नाही. म्हणाली, "चोरखिसा असेल, आई. पँटचा." मला एकदम पटलं. पण मग खाली होतं, "मुलांसाठी मऊ दात…" तो ब्रश निघाला. त्याच्या खाली, "घरच्या घरी मूल…" आता हे वाचून मी टॅब उलटा ठेवला. सूनबाईने शेवटी येऊन सांगितलं, तो मूलभूत व्यायामाचा संच आहे.

एका ठिकाणी चहा आणि कॉफी यांच्या मधे गांडुळासारखं चिन्ह, त्याला चिकटून तीन इंग्रजी अक्षरं आणि एक अर्धविराम. एका नावात काना-मात्रा सुटे होऊन टिंबांच्या गोलावर बसले होते, अक्षर पळून गेल्यासारखे.

प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात लिहिलंय, "चूक कळवा." मी म्हटलं, कळवू या. दाबलं तर दोन चौकटी आल्या. काय दिसतं? आणि काय दिसायला हवं? किती शहाणे प्रश्न! आयुष्यात मला कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. मी एका बोटाने लिहिलं: "सुती चोर दिसतो. चोरखिशाची पँट दिसायला हवी."

आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर! "प्रिय ग्राहक, आपल्या बारीक नजरेबद्दल आम्ही आपले आभारी आहोत."

इतकं अदबीने बोलणारं कुणी तरी आहे तिथे. नाव दिलेलं नाही. मी त्याला आभारी म्हणायचं ठरवलंय.

८ तारीख. बुधवार, वही काहीही म्हणो.

मधले दिवस लिहायला वेळच नव्हता. कळवण्यातच दिवस जातो. चहा निवतो, कपबशी तशीच. चिरंजीव म्हणतात, आईला बरं काम मिळालं. सूनबाई म्हणते, निदान हाका तरी मारत नाहीत.

आज सर्वांत मोठं सापडलं: "सासूबाईंना भेट द्या विष…" माझ्या अंगावर काटा आला. भेट म्हणून विष, आणि वर निम्म्या किमतीत! आभारीला ताबडतोब कळवलं की बाबा रे, हे काढ, बऱ्याच घरांत सुना हुशार आहेत. नंतर कळलं तो केसांचा विषमुक्त रंग होता. पण आभारीने तरीही आभार मानले. त्याचा स्वभावच तो.

सगळे माझ्यासारखे अचूक नसतात, मीही नसते. "फ्री साईझ" लिहिलेला झगा मला फुकट वाटला आणि मी कळवलं की खाली किंमत चुकून छापली आहे. आभारीने याबद्दलही आभार मानले. मग मी त्याच चौकटीत गुडघ्याचं लिहिलं आणि विचारलं, जेवलास का? तो म्हणाला, "आपली तक्रार नोंदवली आहे." कामात असेल बिचारा.

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई आल्या होत्या. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झाल्या, पण अजून सगळ्यांशी इंजेक्शन हातात धरल्यासारखं बोलतात. त्यांना आभारीचं सांगितलं. म्हणाल्या, "आजी, तो माणूस नाही. ते यंत्र आहे. कुणी काही लिहिलं तरी तेच म्हणतं."

मी म्हटलं, "असू दे. माझी माणसं कुणी काही बोललं तरी काहीच म्हणत नाहीत."

नर्सबाईंनी दोन बिस्किटं खाल्ली आणि खोलीभर बघितलं. "टॉवेल चांगले पळतात तुमचे," म्हणाल्या.

११ तारीख.

घरात काही तरी शिजतंय. मी स्वयंपाकघरात गेले की दोघं बोलायचं थांबतात आणि एकदम फ्रीज उघडतात. माझा वाढदिवस जवळ आलाय, हे त्यांना वाटतं मी विसरले. मी विसरलेली दिसावी म्हणून चेहरा कोरा ठेवते, पण आतून नुसत्या गुदगुल्या.

आज सूनबाईने माझ्या केसांना स्वतः तेल लावलं. लावता लावता म्हणाली, "आई, तुम्हाला तुमच्या वयाच्या माणसांत जास्त करमेल ना? गप्पा, बाग, भजन वगैरे?" मी म्हटलं, हो, का नाही करमणार. बहुतेक वाढदिवसाला बऱ्याच म्हाताऱ्यांना बोलावणार आहेत. कुठे बसवणार त्यांना, एक पिशवी आणि एक तंबू?

संध्याकाळी एक नवी कोरी चाकांची बॅग आणली. वर चिठ्ठी लावलेली, "आई". मी विचारलं, कुठे जायचंय का आपण सगळे? चिरंजीव म्हणाले, "नाही, म्हणजे, सवलत होती म्हणून…" आणि टीव्ही मोठा केला. एकच बॅग आणली, हे मला जरा नवल वाटलं. आमच्याकडे एक असं काही येत नाही.

१२ तारीख. रविवार.

कळलं! कळलं! कळलं!

दोघं बाहेर गेली होती. टॅब तिच्याच नावावर चालतो, त्यामुळे तिने आवडलेल्या वस्तूंना बदामाची खूण केली की त्या मलाही दिसतात. मी सहज बदामांची यादी उघडली. सगळ्यात वर कालच खूण केलेलं एक नाव: "ज्येष्ठांसाठी आनंदी निवा…"

शेजारी चित्र. एक म्हातारा मोठ्या खिडकीपाशी, मऊ हातांच्या, मागे रेलणाऱ्या खुर्चीत बसून दात दाखवतोय. अक्षराला अक्षर जोडलं. निवा… निवांत! ज्येष्ठांसाठी आनंदी निवांत खुर्ची!

डोळ्यांत पाणीच आलं. माझी खुर्ची काढून टाकल्याचं या पोरांना आतून लागलं होतं तर. मी किती काय काय मनात आणलं होतं त्यांच्याबद्दल, वहीत लिहिलंही असतं, बरं झालं वेळ मिळाला नाही.

नाव दाबून सगळं उघडायचं बटण नेमकं तड्याखाली. दाबलं की चाक फिरत बसतं. पण खाली बारीक अक्षरात जे दिसतं तेवढं वाचलं. "वर्षाचं घेतल्यास दोन महिने मोफत." म्हणजे खुर्ची हप्त्यांवर आहे आणि दोन हप्ते माफ. सूनबाई असं सोडते होय! "चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण." हे आधी कळेना. मग लक्षात आलं, खुर्चीला ट्रे जोडलेला असणार, बसल्या जागी जेवता यावं म्हणून. "चोवीस तास मदतनीस." बिघडली तर फोन करायची सोय. "बागेकडे तोंड." आता तोंड कुणीकडे करायचं ते आपण ठरवू ना. "संडास-बाथरूम जोडून." हे मात्र मला आवडलं नाही. इस्पितळात असतात तसल्या भोकाच्या खुर्च्या. मी अजून माझ्या पायाने जाते. पण देणाऱ्याच्या हौसेपुढे बोलू नये. वर उशी टाकेन.

एकच खटकलं. इतकी चांगली वस्तू आणि नाव अर्धवट. दुसऱ्या कुणा म्हातारीला कसं कळणार ही खुर्ची आहे ते? म्हणून आभारीला कळवलं. काय दिसतं: "निवा." काय दिसायला हवं: "ज्येष्ठांसाठी आनंदी निवांत खुर्ची, पाठीला मऊ." आभारी आभारी आहे.

१३ तारीख.

बातमी पोटात राहीना. खाली जाऊन नर्सबाईंना सांगितली. त्यांनी ऐकलं आणि चेहरा एकदम गंभीर केला, नाडी सापडत नसल्यासारखा.

"आजी, परत एकदा सांगा. काय लिहिलं होतं खाली?"

मी सगळं सांगितलं, ट्रे, मदतनीस, बाग, भोक.

"आणि बॅग कधी आणली?"

"परवा. बॅगेचा काय संबंध?"

"काही नाही. तुमच्याकडे कुणी कागद घेऊन आलं, सही मागितली, तर आधी मला हाक मारा. काय कळलं?"

खुर्चीच्या हप्त्याला माझी सही कशाला मागतील? पण नर्सबाईंना सगळीकडे आजार दिसतात. मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला मुलगा नाही ना, म्हणून." म्हणायला नको होतं. त्यांनी तरीही मला जिना चढताना हात दिला.

वर येता येता दुधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना तर दोनदा, कारण त्यांना कमी ऐकू येतं. सगळे म्हणाले, मुलगा असावा तर असा.

१७ तारीख.

आज माझा सत्कार झाला. टॅबवर फटाके उडाले आणि सोनेरी डोळ्याचं चित्र आलं. "अभिनंदन! आपण आता आमची सुवर्ण नजर आहात. यापुढे आपल्या सूचना तपासणीविना थेट लागू होतील." नाव सूनबाईचं आहे, पण नजर माझी.

लगेच खुर्ची परत कळवली. आणि काय सांगू, बघता बघता नाव बदललं! "ज्येष्ठांसाठी आनंदी निवांत खुर्ची" अगदी "खुर्ची"पर्यंत दिसतं, टिंबं नाहीत. मी टॅबची पापी घेतली. काच गार होती.

संध्याकाळी चिरंजीव जिन्यातून वर आले ते लाल होऊन. मास्तरांनी त्यांना खाली अडवून पाठ थोपटली होती. इस्त्रीवाला म्हणाला होता, साहेब, खुर्ची आली की सांगा, बघायला येतो. आत ते सूनबाईला विचारताना मी ऐकलं, "हे खुर्ची खुर्ची काय चाललंय?" ती म्हणाली, "मला काय माहीत! आणि साईटवर ते सापडतच नाहीये, नुसती खुर्ची दिसते."

बाहेर येऊन मला म्हणाले, "आई, रविवारी एक गृहस्थ येणार आहेत. तुला बघायला. म्हणजे, तुझ्याशी जरा…"

माप घ्यायला येणार! मी कोरा चेहरा ठेवला. हल्ली मला तो फार छान जमतो.

१९ तारीख. रविवार.

आज लिहीत नाही.

"स" होता.

२० तारीख.

काल लिहिलं नाही ते आज लिहिते. सगळंच लिहिते, वहीत जागा भरपूर आहे, मागचं अख्खं वर्ष कोरं पडलंय.

गृहस्थ आले. टापटीप, कानाला फोन, हातात फाईल. मी नर्सबाईंना आधीच बोलावलं होतं, माप बघायला. चिरंजीवांना ते आवडलं नाही, पण नर्सबाई बसल्या त्या बसल्या.

गृहस्थ माझ्याकडे बघून गोड हसले. "आजी, स्वतःहून उठता येतं का?"

"हात असले की येतं. बिनहातांची असेल तर नाही."

त्यांनी लिहून घेतलं. "गुडघे वाकतात?"

"थोडेच. पाय पुढे पसरता यायला हवेत."

"बरं. पथ्यपाणी काय?"

मी म्हटलं, "पथ्य कशाला? मी काय ती खाणार आहे?"

सूनबाईने मान खाली घातली. नर्सबाई छताकडे बघत होत्या. गृहस्थ म्हणाले, "नाही, तिखट, गोड, साखरेचा त्रास वगैरे. खोलीत दोघी असाल. दुसऱ्या आजींना घोरण्याचा त्रास आहे, चालेल ना?"

मी म्हटलं, "एका खुर्चीत दोघी?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते म्हणाले, "नाही हो, आमच्याकडे खुर्ची नाही." ठेवला. परत वाजला. "अहो, नाही खुर्ची! नाही मऊ!" ठेवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांचा गोडवा संपला. "शुक्रवारपासून जीव नकोसा केलाय लोकांनी! कुणी तरी आमच्या जाहिरातीचं नावच बदललंय. गावभरच्या म्हाताऱ्या खुर्च्या मागतायत. एक आजोबा तर ट्रे काढता येतो का विचारत होते!"

मी आनंदाने म्हटलं, "ते मी केलं! तुमचं नाव कापलं जात होतं. निवा आणि पुढे टिंबं. मी निवांत केलं."

गृहस्थांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांच्या फोनवर जुन्या जाहिरातीचा कागद होता, अख्खा. "आजी, हे वाचा. निवांत नाही. आमचं नाव हे आहे."

मी चष्मा सारखा केला. मोठ्याने वाचलं, कारण मला मोठ्यानेच येतं. न ला पहिली वेलांटी, नि. व ला काना, वा. स.

आनंदी निवास.

मग मला ट्रे कळला, मदतनीस कळला, बाग कळली. बॅगही कळली. एका अक्षरात किती सामान बसतं! आमच्या घरालाही अशी जागा हवी होती.

गृहस्थ फोनवर शोधत होते, बदल कुणाच्या नावाने झालाय ते. सापडलं. सोनेरी डोळा आणि खाली सूनबाईचं नाव. "म्हणजे बाई, तुम्हीच आमच्याकडे जागा धरता आणि तुम्हीच आमची खुर्ची करता?"

सूनबाई म्हणाली, "अहो, मी नाही, आईंनी…"

"कुणी का असेना. माझ्याकडे शांत माणसं राहतात. या घरातलं कुणी मला नको." फाईल मिटली, चहाला हात लावला नाही आणि गेले. दार लागताना फोन परत वाजत होता.

आयुष्यभर मला कुणी नको म्हटलं की वाईट वाटायचं. काल पहिल्यांदा बरं वाटलं. पण ते तेवढ्यापुरतंच.

चिरंजीव म्हणाले, "आई, तसं काही नव्हतं. आम्ही नुसती चौकशी… म्हणजे तुझ्याच…"

मी म्हटलं, "काय दिसतं ते मला दिसलं. काय दिसायला हवं ते तू सांग. टिंबं नकोत. पूर्ण वाक्य."

तो उभा राहिला, बसला, त्या दाण्यांच्या पिशवीत बसला, मग उठता येईना. तिथूनच म्हणाला, "आई, आपल्याकडे जागा पुरत नाही."

जन्मात पहिल्यांदा माझ्या मुलाने वाक्य पुरं केलं.

"कुणाला पुरत नाही?" मी विचारलं.

त्याने बायकोकडे बघितलं. तिने माझ्या खोलीच्या दाराकडे बघितलं. तिथून टॉवेल दिसत होते.

नर्सबाई म्हणाल्या, "बोला, बोला. श्वास घ्या आणि बोला." शेवटी नर्सबाईंनी आणि मी मिळून त्याला पिशवीतून ओढून काढलं. एक हात त्यांचा, एक माझा. सोडला असता तर कदाचित अजून तिथेच असता.

मग मी नर्सबाईंचा हात धरून म्हटलं, त्या दिवशी मुलावरून उगाच बोलले. त्या म्हणाल्या, "कोणत्या दिवशी? मला आठवत नाही." आठवतं त्यांना. औषधांची नावं तोंडपाठ आहेत.

२३ तारीख.

माझ्याशी कुणी फार बोलत नाही, पण फ्रीज उघडायचा थांबलाय.

बाहेर मात्र सगळे बोलतात. दुधवाला विचारतो, आली का? इस्त्रीवाला विचारतो, कधी येणार? आणि मास्तर, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते फार मोठ्याने विचारतात. काल चिरंजीव जिन्यात असताना त्यांनी वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे, आईची खुर्ची कुठवर आली?"

मला सगळ्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, "त्याच्या मनात आहे. सवलतीची वाट बघत असेल." चिरंजीवांच्या कानावर गेलंच ते. कान लाल होतात त्याचे, लहानपणी मार चुकवताना व्हायचे तसे.

सूनबाई आज म्हणाली, "आई, तुम्ही खाली सांगितलं नाहीत." मी विचारलं, "काय सांगितलं नाही?" ती म्हणाली, "ते…" आणि थांबली. मी तिला वेळ दिला. ती म्हणाली, "निवासाचं." मी म्हटलं, "अगं, मी चौथी शिकलेली. मला तो शब्द कुठे येत होता?"

ती हसली नाही, पण हसू येत होतं तिला. रडूही येत असेल. मला दोन्ही एकाच चष्म्यातून दिसतात.

२५ तारीख. वहीतला शुक्रवार, खरा शनिवार.

खुर्ची आणायला तिघं गेलो. कोपऱ्यावरच्या फर्निचरच्या दुकानात, साईटवर नाही. चिरंजीव म्हणाले, वाढदिवसाच्या आत हवी. दुकानदाराने किंमत सांगितली. सूनबाईने सवयीने विचारलं, "एकावर काय?" दुकानदार म्हणाला, "एकावर एक माणूस बसतो."

पूर्ण किमतीत घेतली. सूनबाईचा चेहरा बघवेना. दात काढून घेताना लोक असे दिसतात. मी एकेका खुर्चीत बसून बघितलं. हात हवेत, पाय पुढे पसरता यायला हवेत. माप त्या गृहस्थांनी घेतलंच होतं, ते कामी आलं.

मग प्रश्न आला खुर्ची ठेवायची कुठे. माझ्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. चिरंजीवांनी बराच वेळ खोलीकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाले, "पळायचं यंत्र विकू या."

पूर्ण वाक्य. दुसरं.

सूनबाई जाहिरात टाकायला बसली. म्हणाली, "आई, नाव काय देऊ? नजर तुमची आहे." मी सांगितलं, "आमच्या घरातून पळायचं यंत्र, जवळजवळ न पळालेलं." तिने टाकलं. दिसतं मात्र असं: "आमच्या घरातून पळा…"

ही चूक मी आभारीला कळवलेली नाही.

२८ तारीख.

यंत्र गेलं. घेणारा म्हणाला, नाव वाचून आधी घाबरलो होतो. टॉवेल आता गॅलरीत वाळतात, जिथे टॉवेल वाळतात.

खुर्ची आली. खिडकीपाशी ठेवली. बागेकडे तोंड नाही, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे आहे, पण मी ते ठरवलं. दुधवाला बघून गेला, इस्त्रीवाला बघून गेला, मास्तर बसून गेले, दोनदा. चिरंजीव प्रत्येकाला चहा देत होते आणि लोक त्यांची पाठ थोपटत होते. थोपटल्याने जरा सरळ झालीय ती.

आभारीला सगळं सविस्तर लिहिलं. म्हणाला, "आपली तक्रार नोंदवली आहे." तक्रार नाही रे बाबा, म्हटलं. तरी आभारी आहे.

सगळे गेल्यावर सूनबाई ती चाकांची बॅग न्यायला आली. "माळ्यावर टाकते, आई, उगाच पायात येते."

मी म्हटलं, "राहू दे गं. पाय ठेवायला अगदी हव्या त्या उंचीची आहे." आणि पाय ठेवून दाखवले.

ती उभी राहिली. "त्यात तुमचे…" म्हणाली आणि थांबली. मी पुढच्या अक्षरांची वाट बघितली. आता घाई नसते मला, बसायला खुर्ची आहे.

"…लोकरीचे कपडे भरले होते मी. आणि तुमची कपबशी. काढते."

कपबशी मी दोन आठवडे शोधत होते. शेवटी पत्र्याच्या पेल्यात चहा प्यायला लागले होते.

"काढ," मी म्हटलं. ती एकेक वस्तू बाहेर काढेपर्यंत पाय वर उचलून धरले. गुडघे थरथरले, पण धरले. मग तिने बॅगेची चेन ओढून बंद केली आणि मी पाय परत ठेवले.

रिकामी बॅग जरा दबते. पण टाचांना मऊ लागते.